न वाळलेला म्हातारा

त्या वर्षी आमच्या भागात जे जे म्हणून ओलं होतं, ते सगळं वाळलं. तेरणेचं पात्र वाळलं, विहिरी वाळल्या, कारखान्याच्या वसाहतीतला गुलमोहर उभ्याउभ्या वाळला, शेजारच्या गिरजामावशीच्या शेळ्यांचं दूध आटलं. एकच गोष्ट वाळायला तयार नव्हती, आणि ती नेमकी माझी होती. मी हार्डबोर्डवर रंगवलेला, तांब्यानं पाणी पिणारा एक म्हातारा. हा म्हातारा अजून माझ्या घरात आहे. आल्यागेल्याला मी त्याची गोष्ट सांगते, दर वेळी थोडी वाढवून सांगते असा माझ्या मुलांचा आरोप आहे. आज मात्र लिहून ठेवायचं म्हणून बसलेय, तेव्हा वाढवणार नाही. फारशी.

आम्ही ढोकीला राहत होतो. आबा साखर कारखान्यात काट्यावर होते, म्हणजे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तोलायचे. वसाहतीत दोन खोल्या, वर पत्रे, पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली आबांची खुर्ची. त्या खुर्चीवर आबांशिवाय कुणी बसायचं नाही असा नियम नव्हता, पण कुणी बसत नव्हतं. घरातल्या घड्याळाला कुणी विचारत नसे, कारखान्याचा भोंगा झाला की भाकरी थापायची, भोंगा झाला की शाळेला निघायचं. हंगामात सगळ्या वसाहतीवर मळीचा आंबूस-गोड वास झाकणासारखा बसलेला असायचा, आणि चिमणीतून काळी राख आणि चिपाडाचा भुसा चोवीस तास झिरपायचा. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी ठिपक्याठिपक्यांचं व्हायचं. जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि माय खुशीत असेल तर हुलग्याचं माडगं. तेल रेशनला कधी यायचं, कधी नाही. पण कारखान्याच्या नळाला तीन दिवसांआड का होईना पाणी यायचं, त्यामुळं दुष्काळात आमची गणना श्रीमंतांत झाली, आणि बेंबळीचे सगळे पाव्हणे अचानक आमच्यावर माया करायला लागले.

मला चित्रकलेचं वेड कुणी लावलं असं विचाराल तर खाजा मास्तरांनी. धाराशिवच्या शाळेतून ते निवृत्त झाले होते. आमच्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला ते पर्यवेक्षक म्हणून आले, माझ्या कागदावरची वांगी बघितली आणि म्हणाले, "ये वांगं किसने बनाया? इतवारी घरी ये बेटा." एवढंच. मी पुढच्या रविवारी एसटीत बसून गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पलंग, सुरई आणि एक तैलचित्र, दुसरं काही नव्हतं. चित्र त्यांच्या गुरूंनी काढलेलं. मुंबईत शिकलेला मोठा माणूस, मास्तर त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. चित्रात मळक्या फेट्याचा एक म्हातारा मान वर करून तांब्यानं पाणी पितोय. घशाची घाटी वर चढलेली. पांढरी दाढी भिजलेली, आणि दाढीच्या टोकाला एक थेंब, पडू की नको अशा बेतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चक्क हात पुढं केला, थेंब झेलायला. मास्तर हसले. म्हणाले, "मी बी तसाच केला होता हात. बस. याची नक्कल कर. नक्कल नीट झाली की अक्कल येईल."

नक्कल करण्याची मास्तरांची रीत मात्र अजब होती. चित्र समोर ठेवून रंगवायचं नाही. बघायचं, डोळ्यांत भरायचं, चित्राचं तोंड भिंतीकडं करायचं आणि मग रंगवायचं. माझ्या बाबतीत तर ती भिंत फारच लांब होती. बघायचं धाराशिवात, रंगवायचं ढोकीत. रविवारी मी तासभर म्हाताऱ्याचं नाक बघायची, आणि ते नाक डोळ्यांत घेऊन परतीच्या एसटीत बसायची. भरली घागर डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईसारखी. कुणाशी बोलायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं नाही, कंडक्टरनं सुटे मागितले तरी डोळे मिटून द्यायचे. नाक यायचं. कान यायचे. फेटा तर सुरकुत्यांसकट यायचा. थेंब काही येईना. वाटेतल्या येडशीपर्यंत शाबूत असायचा, पुढं कुठंतरी सांडायचा. घरी येऊन काढला की तो थेंब कमी आणि शेंगदाणा जास्त दिसायचा.

रंग विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि मास्तरांना नळीतल्या रंगांचा रागच होता. "वो टूथपेस्ट आहे," म्हणायचे. त्यामुळं सफेदा, गेरू, पिवडी आणि दिव्याची काजळी, ही पूड काचेवर घ्यायची आणि तेलात घोटायची. तेल जवसाचंच. ते घाण्यावरून आणायचं, बाटलीत भरून उन्हात ठेवायचं. मास्तरांनी शिकवलं होतं, "तेल पिकतं बेटा, आंब्यासारखं. पिकलं की जाड होतं. जाड झालं की समजायचं, आता हे चित्राला धरून ठेवील." आमच्या खिडकीत ती बाटली ठेवलेली असायची. मायला ते फार विचित्र वाटायचं. घरात फोडणीला तेल नाही आणि खिडकीत भरली बाटली ऊन खात बसलीय.

आबांना हे सगळं आवडत नव्हतं. बारावीनंतर मी डी.एड. करावं, मास्तरीण व्हावं, हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. मला औरंगाबादला चित्रकला शिकायला जायचं होतं. फॉर्म दोन्हीचे जूनमध्ये भरायचे होते. त्यावर आमच्यात भांडण नव्हतं, त्याहून वाईट होतं. आबा गप्प होते. एका संध्याकाळी ते कामावरून आले, तोंड धुतलं आणि अर्ध्या झालेल्या चित्रासमोर उभे राहिले. फेटा झाला होता, तोंडाचं नुसतं रेखाटन होतं.

"ह्यो कोण हाय?"

"म्हातारा आहे एक. मास्तरांच्या गुरूंनी बघितलेला."

"तांब्या त्यानं सोताच्या हातानं धरलाय."

"हो."

आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "माझा बाप शेवटपर्यंत ओंजळीनं पाणी प्याला. वरून वतायचे त्याला. पुढं घरात तांब्या आला, पर त्याला उचलून प्यायची सवय लागली न्हाय. आमी पोरं हसायचो." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "म्या काट्यावरचा माणूस. उसाचं वजन कळतं, चित्राचं कळत न्हाय. तुझ्या मास्तरांनी बघून 'झालं' म्हणलं, तर औरंगाबादचा फारम भरू. न्हाय म्हणले तर डी.एड.चा. तोंड वाकडं न करता."

मी त्या रात्री जेवले नाही. आनंदानं. माझं आख्खं आयुष्य आता त्या म्हाताऱ्याच्या दाढीला लोंबत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात बेंबळीहून नामदेवकाका आणि काकू आले. काका आबांचे चुलतभाऊ, स्वभावानं भारी हळवे. चित्र मी आबांच्या खुर्चीवर टेकवून ठेवलं होतं, बुद्धाच्या तसबिरीखाली. तेवढ्या मोठ्या आकारात, तेवढ्या मानाच्या जागी, आमच्याकडं एकच प्रकारचा माणूस ठेवतात. काकांनी उंबऱ्यातच चपला काढल्या, टोपी काढली, हात जोडले, आणि भरल्या गळ्यानं आबांना विचारलं, "कधी गेले?"

"कोण?" आबा म्हणाले.

"ह्ये."

"त्ये आलेच न्हाईत अजून," माय आतून म्हणाली. "तोंड व्हायचंय त्यांचं."

त्या दिवशी मायनं पाव्हण्यांसाठी कांद्याची भजी केली. भज्यांना जरा चमत्कारिक वास होता, ओल्या लाकडासारखा. पण दुष्काळात तळलेलं समोर आलं की माणूस वासाची चौकशी करत नाही. काकांनी परत मागून घेतली.

मी म्हाताऱ्याचं तोंड रंगवायला घेतलं तेव्हा थंडी पडली होती. सकाळी बाटली हातात घेतली आणि मला नाचावंसं वाटलं. तेल जाड झालं होतं. तळाशी पांढरट साका धरला होता, बाटली उलटी केली तरी लवकर हलत नव्हता. इतकंच नाही, बाटलीत तेल पहिल्यापेक्षा बोटभर जास्तच दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, पिकल्यावर फुगत असेल. आंबा नाही का फुगत. त्या पिकल्या तेलात मी गाल घोटले, दाढी घोटली, तांब्याची पितळी चमक घोटली. उन्हाळ्याच्या तोंडावर चित्र पुरं झालं. थेंब सोडून. थेंबाच्या जागी मी नाइलाजानं सफेद्याचा एक जाड ठिपका ठेवला आणि त्याच्याकडं बघायचं टाळलं.

आता नुसतं वाळायचं होतं. फेटा तर कधीच खडखडीत वाळला होता. तोंड वाळेना. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. बोट लावलं की गाल बोटाला यायचा. ऊस नव्हता म्हणून कारखान्यानं हंगाम लवकर आटोपला, पण बंद होता होता त्याच्या चिमणीनं जो भुसा सोडला तो सगळा माझ्या म्हाताऱ्यानं ओढून घेतला. दाढीत चिपाडाच्या बारीक काड्या अडकल्या. कपाळावर राख बसली. एक माशी तांब्यावर उतरली ती उठलीच नाही. भोंगा बंद झाला तशी वसाहत अशी सुन्न झाली की माझा वैताग मला ऐकू यायचा.

उपाय सांगायला मात्र माणसं कमी नव्हती. गिरजामावशी म्हणाली, "शेळीच्या लेंड्यांची धुरी दे. ओली जखम वाळती, त्येला काय हुतंय?" मी धुरी दिली. म्हातारा काळवंडला आणि ओलाच राहिला. कारखान्यातला सुतार म्हणाला, पत्र्यावर ठेव. पत्र्यावर ठेवला तर त्याचा डावा डोळा हळूहळू गालाकडं निघाला. मी वेळेवर चढले म्हणून वाचला. माय या सगळ्यात काही बोलत नव्हती. ती नुसती दर दोन-चार दिवसांनी विचारायची, "वाळलं का गं?" तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण सतराव्या वर्षी माणूस आईचा आवाज ऐकतो थोडाच. दुष्काळात लोक आभाळाकडं बघतात तसं मी त्या हार्डबोर्डकडं बघायची, फक्त उलटं मागणं घेऊन.

ओलं चित्र एसटीतून नेणं शक्य नव्हतं. म्हणून फॉर्मची मुदत जवळ आली तेव्हा खाजा मास्तरच ढोकीला आले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खिशात भिंग घेऊन, काठी टेकत, घामानं भिजून ते आमच्या दारात उभे राहिले. आबांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. मायनं पाणी दिलं. मास्तर ते तांब्या वर करून, मान मागं टाकून प्याले, आणि मला त्या क्षणी कळलं की चित्रातला घसा मी चुकीचा काढलाय.

मग त्यांनी चित्र मांडीवर घेतलं आणि भिंगानं वरून खाली वाचत यावं तसं बघायला लागले. फेट्यावर थांबले, मान डोलावली. दाढीवर थांबले. "दाढी भारी झाली बेटा. एकेक केस दिसतोय."

"केस नाहीत मास्तर. चिपाड आहे. वाऱ्यानं आलं."

"मग कारखान्यानं भारी काढली," ते म्हणाले. आणि गालावर बोट टेकवलं. बोट रुतलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, वास घेतला, परत घेतला. "फेटा वाळला, तोंड नाही वाळलं. फेटा अन् तोंडाच्या मधी काय झालं? हे जवस नाही."

"जवसच आहे. बाटली तीच आहे," मी म्हणाले.

"बाटली तीच असंल. तेल ते नाही."

मग स्वयंपाकघराच्या दारातून, पदर तोंडाशी धरून, माय म्हणाली, "म्या भजी केली हुती."

आबा वळून बघायला लागले. मायनं जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. पाव्हणे दारात, डबा कोरडा, चटणी-भाकरीवर त्यांना कसं बोळवायचं. खिडकीत बाटली होती. तिनं बाटलीला दोरा बांधून खूण केली, आणि तेल उसनं घेतलं. पुढच्या महिन्यात रेशनला पामतेल आलं तेव्हा त्या खुणेपर्यंत भरून ठेवलं. "खुणेच्या वरच भरलं," ती म्हणाली. "उसनं परत करताना मापाच्या वर चार थेंब द्यावं लागतं. म्या बोटभर दिलं. तेल ते तेल, मला काय ठावं."

जवसाचं तेल हवेनं घट्ट होतं. पामतेल थंडीत गोठतं, उन्हात पातळ होतं आणि वाळत कधीच नाही. हे मला मास्तरांनी तिथं बसून समजावलं. पिकलेलं म्हणून ज्याच्यावर मी नाचले ते गोठलेलं होतं.

मास्तरांनी बोट रुमालाला पुसलं. मग मायकडं वळून विचारलं, "भजी कशी झाली होती, बाई?"

"वास येत हुता जरा," माय म्हणाली.

आबांना हसू आलं, मास्तरांना हसू आलं, आणि माय पदराआडून हसायला लागली की रडायला ते मला दिसलं नाही. मला फक्त रडू आलं. रागवायचं तरी कुणावर? पाव्हण्यांवर, दुष्काळावर, रेशनवर, की मापाच्या वर बोटभर देणाऱ्या बाईवर?

मास्तरांचं भिंग मात्र खाली सरकत होतं. दाढीच्या टोकाशी आलं आणि थांबलं. खूप वेळ थांबलं. चित्र त्यांनी उजेडाकडं तिरपं केलं. "हा थेंब कुणी काढला?"

"मीच. जमला नाही तो."

"नक्को खोटं बोलू. हा तुझा नाही. याच्यात पाणी हलतंय."

मी वाकून बघितलं. मी ठेवलेला सफेद्याचा जाड ठिपका आता सपाट नव्हता. मधे खोलगट, कडेला उचललेला, आणि त्यात केसासारख्या बारीक गोल रेषा, एकात एक. त्या रेषांवर दारातला उजेड थरथरत होता. रविवारमागून रविवार मी येडशीच्या पुढं जो थेंब सांडला, तो हा होता.

माय हात पाठीमागं घेऊन उभी होती. मास्तरांना दिसलं नसेल, मला दिसलं. "म्या नुसतं बघत हुते, वाळलं का," ती म्हणाली. "रोज. तोंडाला हात लावायचं भ्या वाटायचं, बिघडलं तर. म्हणून कोपऱ्याला, त्या ठिपक्याला अंगठा लावायची. सकाळी उठल्यावर, पयलं त्येच."

मास्तरांनी चित्र खाली ठेवलं. आबांनी विचारलं, "मास्तर, झालं का?" साधा प्रश्न. मी मास्तरांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी 'झालं' म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं. पण ज्या माणसानं गुरूचं नाव घेताना कानाला हात लावला, त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "एवढा थेंब झाला," ते म्हणाले. "बाकी पुढच्या साली. दुसरं काढ बेटा. मी येतो."

डी.एड.चा फॉर्म मी तोंड वाकडं न करता भरला. पुढच्या साली मास्तर आले नाहीत. त्यांना तोवर माझं चित्र काय, एसटीची पाटीही दिसत नव्हती. मीच जायची त्यांच्याकडं, वाचून दाखवायला, गप्पा मारायला. ते विचारायचे, "थेंब आहे ना?" मी म्हणायची, आहे. मग मला नोकरी लागली, ती नेमकी बेंबळीत. तिथं मी बरीच वर्षं पोरांना पाढे आणि वांगी शिकवली. औरंगाबादला मी पुढं एकदाच गेले, डोळ्यांच्या डॉक्टरकडं. मायनं मात्र त्यानंतर किती तरी दिवस आमच्या घरी काहीच तळलं नाही. पाव्हणे आले तर उकडून वाढायची, आणि कुणी का म्हणून विचारलं तर नळाला पाणी आलं का बघायला निघून जायची.

शेवटच्या दिवसांत ती माझ्याकडं राहायला आली. दिसत नव्हतं, ऐकू बेताचं यायचं. एका दुपारी चहा पिताना अचानक म्हणाली, "सुमे, तुजा म्हातारा हाय का?"

मी कपाटामागून चित्र काढलं, पुसलं, तिच्या मांडीवर ठेवलं. पुसायला नको होतं. फडक्याला थोडा गाल आला.

"वाळलं का गं?"

"वाळलं, माय. कधीच वाळलं," मी म्हणाले.

उजव्या हाताचा अंगठा तिनं चाचपत चाचपत खाली नेला, नेमका दाढीच्या टोकाशी, जशी काही रोजची जागा आहे. हलकेच टेकवला. मग नाकाशी नेऊन वास घेतला, पदराला पुसला आणि उरलेला चहा बशीत ओतत म्हणाली, "खोटं बोलतीस. ओलंच हाय."